रंधा मशीन आणि लिंबाची चौकट

नवऱ्याची बोटं गेली तेव्हा मी आत भाकरी थापत होते. वडवणीच्या बाहेर, बीडच्या रस्त्याला आमची जागा आहे. पुढं सुतारकामाचा कारखाना, मागं राहायच्या दोन खोल्या, आणि दोन्हींच्या मधे भिंत नाही, नुसता पत्रा. लग्न होऊन आले तेव्हापासून रंधा मशीनचा आवाज माझ्या कानात बसलेला. लाकूड नसलं की ती एका सुरात घुमते. लाकूड आलं की सूर खाली उतरतो, लाकूड पुढं निघून गेलं की पुन्हा वर चढतो. त्या दिवशी मधेच ठक्क असा आवाज आला आणि मशीन परत आपल्या सुरात घुमायला लागली. मग त्यांची हाक आली. ओरडणं नव्हतं ते. मीठ संपलंय असं सांगावं तशी हाक होती.

"अगं, जरा हिकडं ये."

मी पिठाच्या हातानं तशीच गेले. ते उजवा हात डाव्या काखेत दाबून उभे होते. सदरा काखेपासून कमरेपर्यंत लाल होत चाललेला. मशीन चालूच होती.

"आदी बटण बंद कर," ते म्हणाले आणि खाली बसले.

ज्यांनी ही मशीन पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. लांबट लोखंडी टेबल असतं, मधोमध एक फट. फटीत लोखंडी ढोल गरगर फिरतो आणि त्या ढोलात धारदार पाती बसवलेली असतात. लाकूड टेबलावर ठेवून फटीवरून पुढं ढकलायचं. खालची बाजू तासून सपाट होते. पात्यांवर एक झाकण असतं, लाकूड आलं की ते बाजूला सरकतं आणि लाकूड गेलं की परत जागेवर येतं. आमच्या मशीनचं झाकण कोपऱ्यात पडलेलं होतं. बाभळीचा आखूड तुकडा होता, त्यात गाठ होती, झाकण मधे येत होतं म्हणून यांनी ते काढलं होतं. गाठ पात्याला लागली, तुकडा उडाला आणि दाब देणारा हात होता तसाच खाली गेला.

हातभर लांब नसेल तर लाकूड रंध्यावर न्यायचं नाही, हे यांच्याकडूनच कितीतरी जण शिकले होते.

शेजारच्याच्या जीपमधून बीडला नेलं. निघताना कुणीतरी म्हणालं, बोटं सोबत घ्या, बर्फात घाला, आता जोडतात. मी परत आत पळाले. मशीनखाली भुश्याचा ढीग होता. त्यात हात घालून मी शोधत राहिले. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. मला काहीच सापडलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांना मी रडत सांगितलं, की मी शोधलं, नीट शोधलं, पण मिळालं नाही. ते म्हणाले, "ताई, करवतीनं बोट तुटतं. रंध्यावर ते तुटत नाही, सोलून जातं. जोडण्यासारखं काही राहतच नाही."

म्हणजे मी ज्या भुश्यात हात घातला होता, त्या भुश्यातच ते सगळं होतं. हे मला दवाखान्याच्या पायरीवर बसल्यावर कळलं. परत आल्यावर तो ढीग मी एकटीनं पोत्यात भरला आणि ओढ्याकाठी खड्डा खणून पुरला. कुणाला सांगितलं नाही.

उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट अर्धं, एवढंच राहिलं. लेकीला मी आजोळी धाडलं. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्या धाकट्या दिराकडं होत्या, त्या परत आल्या. पहिल्या दिवशी मी यांना भरवायला गेले तर यांनी तोंड फिरवलं. मग ताट पुढं ठेवलं. यांनी डावा हात ताटाकडं नेला. आत्याबाई समोरच बसल्या होत्या. त्या उठून बाहेर गेल्या. आमच्याकडं डाव्या हातानं जेवायचं म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. यांनी घास परत ताटात ठेवला. त्यानंतर ते दार लोटून घ्यायचे आणि एकटे जेवायचे. ताट बहुतेक वेळा जसंच्या तसं परत यायचं.

दिवसभर ते पत्र्याकडं तोंड करून बाजेवर पडून असायचे. माणसं बघायला यायची, हाताकडं बघायची, हळहळायची. एक जण म्हणाला, "जिवावरचं बोटावर निभावलं म्हना." तो गेल्यावर हे मला म्हणाले, "जिवावर आलं असतं तर बरं झालं असतं. सुताराची बोटं गेल्यावर ऱ्हातंय काय?" मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. त्यानंतर मी त्यांना एकटं सोडायला घाबरायला लागले. पाण्याला गेले तरी निम्म्या वाटेतून पळत यायचे.

अशात धारूरकडच्या डोंगरातली एक मावशी आली. धनगराची विधवा बाई, मेंढ्या राखणारी. अपघाताच्या आधी तिनं स्वतःच्या बांधावरचा कडुलिंब तोडून, कापून आमच्याकडं आणून टाकला होता. तिचं घरकुल बांधून झालं होतं, फक्त दाराची चौकट आणि कवाड राहिलं होतं. यांनी लाकडं निवडून, खुणा करून ठेवली होती. तिला काही माहीत नव्हतं. यांचा हात बघितला आणि ती उंबऱ्यातच बसली.

मग ती म्हणाली, "माजं लाकूड मी नेते बाबा. तू आराम कर."

"नेऊन काय करशील?" आत्याबाईंनी विचारलं.

"दुसरा सुतार बघते."

ती दोन आठवडी बाजार फिरली. एक सुतार म्हणाला, दुसऱ्यानं खुणा केलेल्या लाकडाला मी हात लावत नाही. दुसरा म्हणाला, लिंब कशाला, तयार दरवाजा घे. बाकीचे ऊसतोडीला गेलेले. आमच्या हाताखालचा माणूसही तिकडंच गेला होता. मावशी परत आली तेव्हा तिच्या बोलण्यात त्राण नव्हतं.

"लेक बाळातपणाला यायलीय," ती मला म्हणाली. "घराला दार न्हाई. कुत्री येतात, इच्चू-काटा हाय. बाळतीण कुठं निजवू सांग."

मी म्हणाले, "मावशी, मी करते."

हे मी का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी बारावी झालेली, लाकडाशी संबंध एवढाच की पॉलिश करताना मदत करायचे. पण घरात रोज जे चाललं होतं ते मला सहन होत नव्हतं. काहीतरी करायला हवं होतं, आणि समोर हे एवढंच होतं.

सकाळी मी यांचा जुना सदरा आणि पॅंट घातली. साडीचा पदर मशीनवर चालत नाही, एवढं मला ठाऊक होतं. केस घट्ट बांधून वर रुमाल बांधला. मंगळसूत्र काढून देवाच्या फोटोला अडकवलं आणि बांगड्या उतरवायला बसले. आत्याबाईंनी ते पाहिलं.

"काय करायलीस?"

"मशीनवर बांगड्या अडकतात, आत्याबाई."

"नवरा जित्ता असताना हात मोकळं करायलीस? त्याच्या जिवावर उठलीस का?"

"कावून असं बोलता?"

"मंग काय बोलू? एवढं झालं ते कमी पडलं का?"

मी त्यांच्यासमोर बांगड्या उतरवल्या. एक बांगडी फुटली आणि मनगटाला लागली. आत्याबाई देवापुढं जाऊन रडत बसल्या. हे पत्र्याकडं तोंड करून पडलेले. त्यांनी सगळं ऐकलं असणार.

बटण दाबलं आणि मशीन घुमायला लागली. अपघातानंतर ती पहिल्यांदा चालू होत होती. मी चौकटीतलं एक लाकूड उचललं. ओला लिंब जड असतो, वाळला तरी हलका होत नाही. कसंबसं टेबलावर ठेवलं आणि ढकललं. लाकूड कडकडलं, थरारलं, मागं धक्का बसला. मी घाबरून सोडून दिलं. सोडलं तसं ते उसळून खाली पडलं. बटण बंद करून बघितलं तर पृष्ठभागावर खड्डेच खड्डे. पाती रेशे कापत नव्हती, उपटत होती. मी लाकूड उलटसुलट करून बघितलं, परत चालवलं. परत तेच. त्या लाकडाच्या एका टोकाचा मी नास केला. माझ्या चुकीनं त्या बाईच्या झाडाचं लाकूड वाया चाललं होतं, आणि दुसरं झाड तिच्याकडं नव्हतं.

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा पत्र्यावर पलीकडून धाडकन आवाज झाला.

"बंद कर! बंद कर म्हनलं ना!"

मी बंद केलं.

"नस उलटी हाय," ते पत्र्यापलीकडून ओरडले. इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज असा चढलेला मी ऐकला. "लाकडाच्या बाजूला बघ. रेशे कुठं चढतात, कुठं उतरतात, बघ. पात्याच्या तोंडावर रेशे उभे ऱ्हायले तर उपटणारच. टोक बदल."

मी बघितलं. बाजूनं बघितल्यावर रेशे तिरके जाताना दिसत होते. लाकूड फिरवून घेतलं. मशीन चालू केली. ढकललं, तर सूर खाली उतरला आणि लाकूड सुळ्ळकन पुढं गेलं.

"आता कुठं," पत्र्यापलीकडून आवाज आला.

असं आमचं शिकणं सुरू झालं. ते मशीनपाशी यायला तयार नव्हते. मी एकदा हात धरून आणायचा प्रयत्न केला तर दारातच त्यांना दरदरून घाम फुटला. मग ते बाजेवरच राहिले आणि मी पत्र्याच्या अलीकडं. ते आवाज ऐकायचे आणि सांगायचे. मी जे दिसतंय ते सांगायचे आणि विचारायचे.

सगळ्यात आधी त्यांनी मला झाकण बसवायला लावलं. ते म्हणाले, "ते बसवल्याबिगर मशीन चालू केलीस तर मी कारखाना पेटवून देईन." मग पाती बघायला लावली, मेनमधून वायर काढूनच. पलीकडच्या टेबलावर सरळ पट्टी ठेवायची, ढोल हातानं हळू फिरवायचा, पात्याची धार पट्टीला नुसती शिवली पाहिजे. टेबल पात्यापेक्षा वर असलं तर लाकूड त्याच्यावर जाऊन अडकतं, खाली असलं तर शेवटी लाकडाला खड्डा पडतो. आमचं केसभर खाली होतं. ते नीट करण्यात माझा अख्खा दिवस गेला, आणि संध्याकाळी हे म्हणाले, "परत बघ." परत बघितलं तर पुन्हा सरकलेलं.

"वाकलेलं लाकूड पोकळ बाजूनं खाली ठिव, म्हंजी दोनी टोकं टेकतील."

"टेकली."

"पातळ काढ. लोभ धरू नको."

"व्हय."

"लाकूड पलीकडं गेलं की डावा हात पलीकडच्या टेबलावर दाब दील. फटीवर हात थांबवायचा न्हाई. कुनी हाक मारली, साप निघाला, तरी न्हाई. मागनं ढकलायला ठोकळा घे. बोटं टोकावरनं खाली सोडू नको."

लाकडाच्या मागं उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, हेही ते रोज सांगायचे. मला पाठ झालं होतं तरी सांगायचे.

मी शिकत होते, पण मला आनंद होत नव्हता. जेवण उतरायचं नाही. रोज सकाळी मशीनकडं जाताना हाताला कंप सुटायचा, आणि कंप सुटलेल्या हातानं मशीनवर जायचं नसतं, म्हणून मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहायचे. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. पॅंट घातलेली, मोकळ्या हातांची बाई. एक ओळखीचा माणूस गाडी थांबवून म्हणाला, "वहिनी, नवऱ्याचा हात गेला, आता तुमचा घालवता का?" तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं. मला रोज तेच वाटत होतं.

कवाडाच्या फळ्यांच्या कडा मला जमत नव्हत्या. दोन फळ्या कडेला कड लावून उजेडाकडं धरायच्या, मधून उजेड दिसला की कड सरळ नाही. मला प्रत्येक वेळी उजेड दिसायचा. परत तासायचं, परत धरायचं. फळी अरुंद होत जायची आणि उजेड मात्र तसाच. एकदा मी त्या फळ्या आपटल्या आणि ओरडले, "तुमी इथं येऊन बघा ना एकदा! तिथं पडून मला सांगायला काय जातंय?"

मग ते म्हणाले, "मला मशीन दिसली की माजी बोटं दुखतात. नसलेली." आणि थोड्या वेळानं, "मधे दाब जास्त पडायलाय तुजा. सुरुवातीपासून शेवटपत्तूर सारखा ठिव."

त्या दुपारी मी फळीची कड घेत होते आणि लाईट गेली. आमच्याकडं ती कधीही जाते. ढोल फिरत फिरत थांबला. मी फळी बाजूला ठेवली. फटीत ओलसर भुसा गच्च बसला होता, म्हणून झाकण सरकवून मी दोन बोटांनी तो काढायला लागले. बटणाची आठवणच नव्हती. लाईट गेली म्हणजे मशीन बंद, एवढंच डोक्यात. लिंबाचा भुसा नाकात जातो आणि चुरचुरतो. मला शिंक आली. शिंकताना मी हात तोंडाकडं नेला.

आणि लाईट आली.

ढोल माझ्या डोळ्यांसमोर फिरायला लागला. आधी पाती वेगळी दिसत होती, मग दिसेनाशी झाली. जिथं माझी बोटं होती तिथून उरलेला भुसा उडून माझ्या तोंडावर आला. मला वाचवलं ते माझ्या शिकण्यानं नाही, कुणाच्या शिकवण्यानंही नाही. एका शिंकेनं. बटण बंद करायला मला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. मग मी तिथंच भुश्यात बसले आणि ओकले.

"काय झालं?" ते पत्र्यापलीकडून विचारत होते. "लाईट येताबरुबर मशीन कशी चालू झाली? अगं, बोल की!"

बाज करकरली, आणि ते धावत आले. अपघातानंतर पहिल्यांदा ते कारखान्यात आले. त्यांनी अर्धी मोकळी फट बघितली, सरकवलेलं झाकण बघितलं, माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, एकेक बोट धरून. मग ते खाली बसले आणि पट्टी बांधलेला हात स्वतःच्या कपाळावर मारायला लागले. पट्टी लाल झाली तरी थांबेनात. आत्याबाई धावत आल्या, दोघींनी मिळून तो हात धरला.

"हे मी सांगितलंच न्हाई," ते म्हणत होते. "लाईट गेली की पैलं बटण. एवढं सांगायचं ऱ्हायलं. एवढंच ऱ्हायलं."

मी म्हणाले, "मला न्हाई जमत. मला न्हाई करायचं."

"न्हाई करायचं," ते म्हणाले. "लाकूड वापस देऊ."

त्या संध्याकाळी घरात कुणी जेवलं नाही. आत्याबाईंनी देवाच्या फोटोवरचं मंगळसूत्र काढून माझ्या गळ्यात घातलं आणि म्हणाल्या, "बास झालं आता." मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आता उद्या मशीनवर जायचं नाही, एवढ्या विचारानं मला गाढ झोप लागली.

पण लाकूड घेऊन जा म्हणून निरोप धाडला, तो उलटाच होऊन परत आला. मावशीची लेक दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली होती. दवाखान्यातून घरी आणली होती. दाराला गोणपाट लावलं होतं आणि मावशी त्या गोणपाटाआड काठी घेऊन बसत होती. मेंढ्या दुसऱ्यांच्या हवाली केल्या होत्या. निरोप आणणाऱ्यानं एवढंच सांगितलं, की म्हातारी म्हणाली, लाकूड परत आणून मी काय करू, चुलीत घालू का?

मला रडायला आलं, दुःखानं नाही, रागानं. त्या बाईचा राग आला, बाळाचा आला, यांचा आला. सुटका झाली असं वाटलं होतं आणि ती झाली नव्हती. आत्याबाई उठल्या. त्यांनी माझ्यासमोर हात पुढं केला. मला आधी कळलंच नाही. मग मी मंगळसूत्र काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"लाईट गेली की मी मेनचा खटका पाडीन," त्या म्हणाल्या. "मी सांगितल्याबिगर तू हात घालायचा न्हाई."

त्यानंतर चौकट आणि कवाड पुरं होईपर्यंत आत्याबाई मेनच्या बोर्डाखाली पाट टाकून बसायच्या. लाईट गेली की काठीनं खटका पाडायच्या आणि ओरडायच्या, "पाडला गं!" मी बटण बंद करून ओरडायचे, "बंद केलं!" हे आता पत्र्यापलीकडं नव्हते, दारात असायचे, मशीनकडं पाठ करून. कडा हळूहळू जुळल्या. सगळ्या नाही. एका फळीत शेवटपर्यंत उजेडाची रेघ राहिली, तिथं आतून पट्टी मारली.

डोंगरात टेम्पोनं सगळं नेलं. चौकट उभी केली, ओळंबा सोडून सरळ आहे का बघितलं. यांनी एका नजरेत ओळखलं की एक उभा पाय पिळलेला आहे. मीही ओळखलं. कवाड लावलं तर खालचा कोपरा फरशीला घासत होता. मावशी बाळाला मांडीवर घेऊन बघत होती.

"बसलं का?" तिनं विचारलं.

"बसलं," हे म्हणाले.

मग बिजागऱ्यांचे खिळे पक्के करायला यांनी हातोडी डाव्या हातात घेतली. आख्ख्या वस्तीतली माणसं जमली होती. पहिला घाव खिळ्याच्या बाजूला पडला. दुसऱ्यानं खिळा वाकला. खिळा धरायला उजवा हात गेला, आणि धरायला बोटं नव्हती. कुणी हसलं नाही. कुणी हसलं असतं तरी एवढं लागलं नसतं. यांनी हातोडी माझ्या हातात दिली आणि जाऊन मेंढ्या कोंडायच्या रिकाम्या जाळीपाशी बसले, सगळ्यांकडं पाठ करून. मी उरलेले खिळे मारले. मावशीनं कवाड लोटून बघितलं, कडी लावली, काढली, परत लावली. मग कडी आतून लावून ती खाली बसली आणि मोठ्यानं रडली. बंद दाराआडून तो आवाज आम्ही बाहेर उभं राहून ऐकला.

परतीच्या वाटेवर टेम्पोत, वडवणी जवळ आल्यावर हे म्हणाले, "पिळलेलं लाकूड तू दाबून चालवलंस."

"व्हय. दाबल्यावर सरळ दिसत होतं."

"दाबल्यावर दिसतंय. सोडलं की परत पिळतंय. पिळलेल्याला दाबायचं न्हाई. वरचेवर पातळ घेत ऱ्हायचं, आपोआप टेकंपत्तूर."

पावसाळ्यात ते कवाड फुगलं. मी जाऊन हातरंध्यानं कोपरा तासून आले. मावशीनं चहा दिला आणि घासण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तेव्हापासून मी मशीन चालवते. बाईच्या हातची चौकट दाराला नको म्हणून काही जण परत जातात, काही थांबतात. यांनी आता डाव्या हातानं खुणा करायला घेतल्या आहेत. रेघ थरथरते, गुण्या सरकतो, मग ते पुसून परत काढतात. एका कामाला दिवस जातो. मधूनच सगळं फेकून ते निघून जातात आणि मी कामात लक्ष लागत नसताना मशीन चालवायची नाही म्हणून ती बंद करून त्यांची वाट बघत बसते. कधी लवकर येतात, कधी उशिरा. ते येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

भीती गेलेली नाही. वाटलं होतं सवयीनं जाईल. उलट काम चांगलं झालं त्या दिवशी जास्त वाटते.

काल एका सागवानी फळीत मोठी गाठ निघाली. मी ती मशीनवर घेतली नाही. हातरंध्यानं काढत बसले, त्यात दुपार गेली. हे बाहेरून आले. फळी एका टोकाला मी धरली, दुसऱ्या टोकाला त्यांनी, आणि आम्ही ती उजेडाकडं धरून बघितली. त्यांनी एक डोळा मिटला, कडेवरून नजर टाकली.

"ही बाजू ऱ्हाऊ दे आता," ते म्हणाले. "उद्या दुसरी घे."